टास्कवॉरियर आणि आमची २८ फ्लॅटची सोसायटी: दीड वर्षाच्या वापरानंतर

मी सोसायटीचा सचिव झालो तो हात वर केला म्हणून नाही, त्या सभेत वेळेवर खाली बघायला विसरलो म्हणून. कोथरूडमधली पार्किंग अधिक ७ मजल्यांची, १९९९ सालची इमारत. आधीच्या सचिवांनी माझ्या हवाली केलं ते एवढंच: लिफ्टच्या वार्षिक कराराची फाइल, किल्ल्यांचा जुडगा आणि एक लाल वही. वहीत प्लंबरचे ३ नंबर होते, त्यातले २ बंद. बाकीचं सगळं त्यांच्या डोक्यात होतं, आणि ते डोकं पुढच्याच आठवड्यात मुलाकडे बंगळुरूला गेलं.

पहिले दोन महिने मी व्हॉट्सॲप आणि एक्सेलवर काढले. व्हॉट्सॲपवर तक्रार येते, खाली ११ अंगठे येतात, मग कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस येतो आणि तक्रार वर वाहून जाते. एक्सेल उघडायचा कंटाळा येतो. माझा दिवस तसाही टर्मिनलच्या, म्हणजे माउसऐवजी आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत जातो (सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो), म्हणून मे २०२४ मध्ये टास्कवॉरियर हे त्याच खिडकीतून चालणारं, कामांची यादी ठेवणारं सॉफ्टवेअर घातलं. फुकट, मुक्त स्रोत, लॉगिन नाही, जाहिरात नाही, जुन्या लॅपटॉपवरही पटकन चालतं. एक ओळ टाइप करायची, काम नोंदलं जातं. आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय, प्रत्यक्षात त्या रोमनमध्येच द्याव्या लागतात.

मुळात हे एकट्या माणसाचं कामांच्या यादीचं साधन आहे. ठेकेदार, कोटेशन, ॲडव्हान्स असले शब्द त्याला माहीत नाहीत. पण सेटिंगच्या फाइलमध्ये दोन-तीन ओळी लिहून आपले रकाने वाढवता येतात. मी तीन वाढवले: 'ठेकेदार', 'कोटेशन', 'दिले'. प्रोजेक्ट पाडले पाणी, लिफ्ट, वीज, गच्ची, आग आणि कागदपत्रं असे. एका रविवारी दुपारी बसून लाल वही, व्हॉट्सॲप आणि वॉचमनची तोंडी माहिती यांतून ६३ कामं भरली. त्यातली ९ आधीच होऊन गेली होती, हे नंतर कळलं.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो ठेकेदाराच्या रकान्याचा. इलेक्ट्रिशियन एका होल्डरसाठी बोलावला की तो होल्डर बसवून जातो, आणि त्याची पाठ वळली की आठवतं, अरे, मीटर रूमचा दिवा राहिला. आता तो गेटवर आला की मी 'टास्क ठेकेदार:वीज लिस्ट' देतो आणि त्याच्यावरची सगळी कामं समोर येतात. एका शनिवारी तो पाचव्या मजल्यावरच्या पॅसेजच्या दिव्यासाठी आला होता. जाताना पंपाचा स्टार्टर, जिन्यातले दोन स्विच, गेटची बेल आणि सहा महिने लोंबकळणारी गच्चीवरची वायर एवढं करून गेला. व्हिजिटचे पैसे एकदाच लागले. त्या दिवशी खजिनदार बाईंनी मला पहिल्यांदा चहाला वर बोलावलं.

दुसरी गोष्ट 'ॲनोटेट'. कामाखाली टिपण लिहायची सोय, तारीख ते आपोआप घालतं. ही सोय बनवणाऱ्याने आपल्याकडच्या प्लंबरसाठीच बनवली असावी असं मला वाटतं. मागच्या बाजूचा पावसाच्या पाण्याचा पाइप तिसऱ्या मजल्यापाशी फुटला होता, त्या कामाखाली जुलै २०२४ मध्ये साठलेली टिपणं अशी:

२ जुलै: फोन केला. 'गुरुवारी सकाळी येतो.'
४ जुलै: आला नाही. फोन बंद.
६ जुलै: 'माणूस गावाला गेलाय, सोमवारी नक्की.'
८ जुलै: आला. पाइप बघितला. 'शिडी लागेल.' गेला.
१२ जुलै: 'शिडी मिळाली, पाऊस थांबू द्या.'
१९ जुलै: पाऊस थांबलेला नाही.

२० तारखेला मी त्याला फोन लावला आणि हे सगळं तारखांसकट वाचून दाखवलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग, "सर, तुम्ही एवढं लिहून ठेवता?" सोमवारी, २२ ला, शिडी आणि माणूस दोन्ही घेऊन हजर. काम झाल्यावर पैसे घेताना म्हणाला, ४ तारखेला फोन बंद होता कारण आई दवाखान्यात होती. मला ओशाळल्यासारखं झालं. काम पूर्ण म्हणून नोंदवायच्या आधी तेही टिपण घातलं. तेव्हापासून 'आला नाही' लिहिलं की पुढे का ते विचारून लिहितो. प्रत्येक वेळी खरं कारण मिळतं असं नाही, पण भाषा जरा बरी राहते.

एका कामावर दुसरं काम अवलंबून ठेवता येतं, हे गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या वेळी कळलं. तीन कोटेशनं, सर्वसाधारण सभेची मंजुरी, ॲडव्हान्स, जुना कोबा फोडणं, राडारोडा उचलणं, नवा कोट, पाणी साठवून ४८ तासांची चाचणी, मग वरचा थर. मी ही साखळी 'डिपेंड्स' लावून बांधली. 'रेडी' असा रिपोर्ट मागितला की अडलेली कामं दिसतच नाहीत, आज ज्याला हात घालता येईल तेवढंच दिसतं. फेब्रुवारी ते मार्च २०२५ हे काम चाललं. राडारोड्याचा टेम्पो दोन दिवस आला नाही तेव्हा ठेकेदार म्हणाला, तोवर कोट मारून घेऊ. मी स्क्रीन त्याच्यापुढे धरली. इंग्रजी अक्षरांशी त्याला देणंघेणं नव्हतं, पण यादीत 'कोट' हा शब्द नाही हे त्याने पाहिलं आणि बिडी पेटवून बसला.

कायद्याच्या कामांसाठीही हे बरं पडतं. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट ५ वर्षांतून एकदा करायचं, ३० च्या पुढे गेली की दर ३ वर्षांनी. आगीच्या यंत्रणेचा फॉर्म बी (ती नीट चालते असा दाखला) जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा परवानाधारक एजन्सीकडून घ्यायचा. अशी कामं 'वेट' लावून पुढच्या तारखेपर्यंत झाकून ठेवायची. ती तारीख आली की काम आपणहून यादीत डोकावतं.

पैशांच्या बाबतीत मात्र हे कच्चं आहे. आकड्यांचा रकाना ठेवता येतो, पण खाली बेरीज मिळत नाही. मी सगळी यादी 'एक्स्पोर्ट' करतो, ती जेसन नावाच्या मजकुरी स्वरूपात येते, आणि जेक्यू नावाच्या छोट्या साधनाने ठेकेदारवार बेरीज काढतो. हा द्राविडी प्राणायाम एकदा चांगलाच कामाला आला. २०२४-२५ मध्ये प्लंबरची २६,५०० ची चार बिलं झाली. एकेक बिल ३०,००० च्या आत, म्हणून कुणाच्या डोक्यात टीडीएस (बिल देतानाच कापून सरकारला भरायचा आयकर) आला नाही. पण आयकर कायद्याच्या तेव्हाच्या १९४ सी कलमात (ठेकेदारांच्या बिलांचं कलम) वर्षाच्या एकूण रकमेचीही मर्यादा होती, १ लाखाची. चौथ्या बिलाला बेरीज १,०६,००० दिसली. प्लंबर व्यक्ती म्हणून दर १ टक्का, तोही सगळ्या रकमेवर, म्हणजे १,०६० रुपये. शेवटच्या बिलातून कापले तेव्हा तो चिडला. पॅन कार्ड मागितल्यावर आणखी चिडला. पण पॅन नसेल तर २० टक्के कापावे लागतात, हे ऐकून कार्डाचा फोटो पाच मिनिटांत आला.

आता तक्रारी. पहिली, ठरावीक काळाने परत येणाऱ्या कामांची. टाक्या दर ३ महिन्यांनी धुतो. 'रिकर' लावलं की पुढची तारीख कॅलेंडरवरून पडते, काम खरोखर कधी झालं त्यावरून नाही. एकदा पाणीकपातीमुळे टाक्या ३ आठवडे उशिरा धुतल्या, तरी पुढची तारीख जागची हलली नाही. शिवाय एखादी खेप राहिली की तिच्या मागे दुसरी येऊन उभी राहते, आणि यादीत 'टाकी धुणे' दोनदा, तीनदा दिसतं. शेवटी मी 'रिकर' सोडून दिलं. आता एक छोटी स्क्रिप्ट आहे, जी काम पूर्ण करते आणि त्या दिवसापासून ९० दिवसांनंतरचं नवं काम घालते.

दुसरी देवनागरीची. लिहिता येतं, शोधताही येतं, पण माझ्या टर्मिनलमध्ये जोडाक्षरं आणि काने-मात्रे आले की रकाने सरकतात, 'स्वच्छता' लिहिलं की पुढची तारीख शेजारच्या खणात जाऊन बसते. म्हणून वर्णनं रोमनमध्ये लिहितो. तिथे 'गळती' आणि 'गलती' एकच दिसतात. समितीतल्या एका हिंदीभाषक सदस्याने प्रिंटआउट बघून विचारलं, सातव्या मजल्यावर कुणाच्या एवढ्या चुका झाल्या?

तिसरी तक्रार माझ्यावरच आहे. यादीतले आकडे कायमचे नसतात. कामं संपली की रिपोर्ट काढताना उरलेल्यांना नवे क्रमांक मिळतात. मी बुधवारी छापलेल्या कागदावरून शुक्रवारी '१४ डन' असं दाबलं. मधल्या दोन दिवसांत १४ नंबरवर जानेवारीचा फॉर्म बी येऊन बसला होता. कुठलं काम पूर्ण केलं ते स्क्रीनवर नावासकट लिहून येतं, मी वाचलं नाही. आगीच्या यंत्रणेवाल्या एजन्सीचा माणूस 'कधी येऊ?' विचारायला लागला तेव्हा ध्यानात आलं. प्रत्येक कामाला एक लांबलचक न बदलणारा क्रमांकही असतो, त्यावरून ते परत जिवंत करता आलं. छापील कागदावर आता तोच घेतो, पहिली आठ अक्षरं पुरतात.

निकडीचं गणित मजेशीर आहे. तारीख जवळ आली, एखादं काम दुसऱ्याला अडवून बसलं, फार जुनं झालं, अशा गोष्टींना गुण मिळून ते यादी लावतं, आणि गुण आपल्याला बदलता येतात. मी 'पाणी' या टॅगला भरपूर गुण दिले. जूनमध्ये सगळीच कामं पाण्याची निघाली. गुण परत काढून टाकले.

यावर्षी टास्कवॉरियरच्या २.६ आवृत्तीवरून ३ वर आलो. आधी साध्या टेक्स्ट फायली होत्या, कुठल्याही एडिटरमध्ये उघडून बघता यायच्या. आता सगळं एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसमध्ये जातं. वेग वाढला असेल, २८ फ्लॅटच्या कामांत मला तो जाणवला नाही. जुन्या फायलींची आठवण येते. बदलताना आधी एक्स्पोर्ट करून ठेवा, मग पुढचं.

समितीला हे दाखवायच्या भानगडीत पडू नका. मी एकदा प्रोजेक्टरवर दाखवलं, अध्यक्ष म्हणाले, "हॅक वगैरे नाही ना करत आहात?" रविवारी यादी कॉपी करून ग्रुपवर टाकतो, त्यांना तेवढंच हवं असतं. उद्या मी सचिव नसेन तेव्हा पुढच्याला काय देणार, यावर अजून उत्तर नाही. काल सगळं एक्स्पोर्ट करून, टिपणांसकट छापलं आणि लाल वहीत स्टेपल केलं. वही आता मिटत नाही.

वॉटरप्रूफिंगच्या बिलातले १० टक्के, ३८,००० रुपये, पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवलेत. पैसे मागायचं ठेकेदाराच्या लक्षात जूनपासून होतं. छतं बघायचं माझ्या लक्षात राहिलं नसतं, ते १५ ऑक्टोबरपर्यंत 'वेट' लावून ठेवलं होतं. त्या सकाळी ते यादीत आलं. सातव्या मजल्यावरचे चारही फ्लॅट बघितले, तीन कोरडे, चौथ्यात बेडरूमच्या कोपऱ्यात ताटाएवढी ओल.

१६ ऑक्टोबर: फोन केला. 'दिवाळी झाली की येतो.'
२७ ऑक्टोबर: 'माणसं अजून गावाहून यायचीत.'
३ नोव्हेंबर: आला. बघितलं. 'ही आतली पाइपलाइन असणार.'
४ नोव्हेंबर: प्लंबरला फोन. 'गुरुवारी सकाळी येतो.'