कागदावर ‘मदतनीस’, फोनवर ‘नर्स’

अण्णांना मार्चमध्ये पक्षाघाताचा झटका आला. मिरजेत बारा दिवस दवाखान्यात काढून त्यांना सांगलीत विश्रामबागला घरी आणायचं ठरलं, तेव्हा उजवी बाजू पूर्ण गेलेली, नाकातून जेवणाची नळी, लघवीसाठी कॅथेटर म्हणजे नळी आणि पिशवी. मी तासगावला शाळेत शिकवते, भाऊ पुण्यात, आई पंचाहत्तरीची. चोवीस तासांचं माणूस मिळाल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. दवाखान्याच्या दारातच कुणीतरी एका ब्युरोचं कार्ड हातात दिलं. घराघरांत रुग्णसेवेला माणसं पुरवणारा ब्युरो.

फोनवरचा माणूस फार आपुलकीनं बोलला. “ताई, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा कोर्स झालेली ट्रेन्ड नर्स देतो. नळी, कॅथेटर, ड्रेसिंग सगळं बघेल. नाही पटली तर दुसऱ्या दिवशी बदली.” नोंदणीचे 5,000 आणि महिन्याचे 27,000 आगाऊ. पैसे पाठवताना खातं ब्युरोच्या नावाचं नाही, कुणा माणसाच्या नावाचं आहे, हे मला दिसलं होतं. पण डिस्चार्ज दुपारी दोनला होता. मी पाठवून दिले. करारपत्र संध्याकाळी आलं, तेही न वाचता सही केली.

चौथ्या दिवशी शाळा लवकर सुटली म्हणून मी दुपारीच घरी पोचले. अण्णा सपाट झोपलेले आणि ती बाई सिरिंजनं नळीतून भराभर पेज सोडत होती. अण्णांना ठसका लागला होता, चेहरा काळानिळा पडत चालला होता. मी त्यांना उठवून बसवलं. नळीतून देताना डोक्याकडची बाजू चांगली उंच हवी, दिल्यावर निदान अर्धा तास तशीच ठेवायची, नाहीतर अन्न फुफ्फुसात जाऊ शकतं, हे डिस्चार्जच्या वेळी सिस्टरनी मला दोनदा बजावलं होतं. ‘नर्स’ला ते ठाऊक नव्हतं.

मी ओरडले. ती रडायलाच लागली. “ताई, मला आजोबास्नी सोबत करायची म्हणून धाडलंय वो. नळीचं मला काय ठावं न्हाई. आदी मी हळद निवडायला जायची.” जत तालुक्यातली बाई. तिच्या हातात महिन्याला 11,000 पडणार होते. माझ्या सत्तावीसमधले सोळा ब्युरोचे. फसवणूक तिचीही झाली होती, हे मला त्या रात्री कळलं, पण तोवर अण्णांच्या माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग उठला होता. बोटानं दाबल्यावर तो पांढरा होत नव्हता. पडून पडून होणाऱ्या जखमेची ही सुरुवात असते. आठ दिवसांत कातडी फाटली. दर दोन तासांनी कूस बदलायची असते, हेही त्या घरात कुणी तिला सांगितलं नव्हतं. मीसुद्धा नाही. ते माझ्या मनाला आजही लागतं.

ब्युरोला फोन केला. बदली माणूस ‘उद्या’ येणार होतं, ते अकरा दिवस उद्याच राहिलं. पैसे मागितल्यावर तोच आपुलकीचा आवाज म्हणाला, “करार वाचा.” वाचला. त्यात ‘नर्स’ हा शब्द कुठेच नव्हता. ‘मदतनीस’ होता, आणि आगाऊ रक्कम परत मिळणार नाही असं खाली बारीक अक्षरात. त्यानंतर माझा नंबर ब्लॉक.

म्हणून हे लिहिते आहे. ज्यांच्या घरी आज नाही तर उद्या ही वेळ येईल त्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवा. अंघोळ, कपडे, भरवणं, सोबत हे मदतनिसाचं काम. नळी आणि कॅथेटर घालणं-बदलणं, इंजेक्शन, जखमेचं ड्रेसिंग हे नर्सचं. एएनएम हा नर्सिंगचा कोर्स दोन वर्षांचा असतो, जीएनएम तीन वर्षांचा, आणि ते केलेल्या नर्सची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असते. तो नोंदणी क्रमांक आणि ओळखपत्र समोर ठेवायला सांगा, मोबाइलवरचा धूसर फोटो चालवून घेऊ नका. आणि जे तोंडी सांगतात तेच करारात लिहून घ्या, हे माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं. आमच्या पेशंटला मुळात रोज नर्सची गरज नव्हती, हे डॉक्टरांनी नंतर समजावलं. नीट शिकवलेलं माणूस आणि ड्रेसिंगपुरती येणारी नर्स एवढ्यानं भागलं असतं. हा प्रश्न मी डिस्चार्जआधीच विचारायला हवा होता.

14567 ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तिथे विचारता येतं. ग्राहक तक्रारीसाठी 1915. मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला आहे. सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही. पेमेंटचे स्क्रीनशॉट होते, पण ‘नर्स’ म्हणाल्याचा पुरावा नव्हता. ब्युरोच्या माणसानं भावाला पाठवलेला एक व्हॉइस मेसेज सापडला, त्यावर सगळी भिस्त आहे.

ती बाई आता आमच्याकडे थेट कामाला आहे. ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरनी तिला नळी, कूस, तोंडाची स्वच्छता सगळं हाताला धरून शिकवलं. पलंगाशी वही टांगली आहे. आज दुपारचं तिच्या अक्षरात आहे, “2 वाजता डावी कुस, लाल नाय.”