डोंगरावरच्या घरात इन्व्हर्टर आणि १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी: तीन वर्षांचा अनुभव

आमचं घर लाईनच्या अगदी टोकाला, डीपीपासून (गावातल्या ट्रान्सफॉर्मरपासून) शेवटचं, आणि त्यामागे नुसता डोंगर. वाऱ्यात झाड तारेवर आडवं झालं की लाईट जाते आणि वायरमनला वर चढून यायलाच अर्धा दिवस लागतो, धुकं असलं तर विचारूच नका. ज्यांच्याकडे लाईट दहा-पंधरा मिनिटं जाते अशा लोकांचे रिव्ह्यू वाचून मी पहिला इन्व्हर्टर घेतला होता, त्यात फसलो, म्हणून आपल्यासारख्यांसाठी जरा सविस्तर लिहितोय.

पहिला होता स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे ज्याची वीज सलग लाटेसारखी न येता चौकोनी टप्प्यांत येते. दुकानदार म्हणाला घरात काय फरक पडतोय. बल्ब, मोबाईल चार्जर चालतात हे खरं, पण शेजारच्या आजींना दमा आहे, रात्री लाईट गेली की त्या नेब्युलायझर घेऊन आमच्याकडे यायच्या आणि ते मशीन या इन्व्हर्टरवर लावलं की घुंऽऽ आवाज करायचं आणि पाच मिनिटांत हाताला चटका बसेल इतकं तापायचं. आजी तोंडाला मास्क लावून माझ्याकडे बघायच्या, मी मशीनकडे. आत्ताचा प्युअर साइन वेव्ह आहे, म्हणजे लाईनच्या विजेसारखी सलग लाट देणारा, त्यावर तेच मशीन गुपचूप चालतं. मोटर असलेलं काहीही लावणार असाल तर साइन वेव्हच घ्या, यात तडजोड नको.

आता मेन मुद्दा, जो मला कुणीच सांगितला नव्हता. नवीन इन्व्हर्टर बसवून दोन महिने झाले आणि संध्याकाळी लाईट असतानाच बॅटरी उतरायला लागली. मी बॅटरीलाच दोष देत होतो. मग वायरमनदादा दुसऱ्याच कामाला आले होते, त्यांनी मीटर लावून बघितलं तर व्होल्टेज १६० च्या आसपास. इन्व्हर्टर होता यूपीएस मोडवर, म्हणजे कॉम्प्युटर बंद पडू नये म्हणून झटकन बॅटरीवर जाणाऱ्या सेटिंगवर, त्या मोडमध्ये माझं मॉडेल १८० च्या खालची लाईट घेतच नाही, म्हणजे घरात लाईट आलेली असून तो ती नाकारत होता आणि सगळं घर बॅटरीवर चाललेलं. मागच्या बाजूला एक छोटा स्विच आहे, तो वाईड रेंजवर टाकला आणि प्रश्न मिटला, आता १०० पर्यंत खाली गेली तरी लाईट घेतो. त्याचा तोटा एवढाच की लाईटवरून बॅटरीवर जायला जरा जास्त वेळ लागतो, कॉम्प्युटर कधीतरी रिस्टार्ट होतो, आणि कमी व्होल्टेज तसंच पुढे जातं म्हणून फ्रिज मी या लाईनवर ठेवलाच नाही. लाईनच्या टोकाला राहणाऱ्यांनी घ्यायच्या आधी ही रेंज नक्की विचारा, बाकी फीचर नंतर.

बॅकअपचं सांगतो. १२ व्होल्ट गुणिले १५० अँपिअर-तास (एएच) म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास, पण बॅटरी टिकवायची तर निम्म्याच्या खाली नेऊ नये, म्हणजे हातात ९०० आणि त्यातलं थोडं इन्व्हर्टर स्वतःच खातो. आमचा लोड ९ वॉटचे पाच बल्ब, राउटर आणि दोन मोबाईल, साधारण ७५ वॉट, त्यावर दहा तास आरामात निघतात. कडाक्याच्या थंडीत कमी निघतात, बॅटरी गारठली की तिची ताकद उतरतेच, त्यात बिघाड काही नाही.

आणि एक, लाईट जाण्याने बॅटरी तेवढी खराब होत नाही जेवढी अर्धवट चार्जिंगने होते. आमच्याकडे दोन दिवसांनी लाईट येते, दोन तास राहते, परत जाते. बॅटरी कधी भरतच नाही आणि अर्धी रिकामी राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, मग ते निघत नाही. म्हणून लाईट आली की मी पहिल्या रात्री इन्व्हर्टरवरचा लोड कमीत कमी ठेवतो आणि तिला पूर्ण भरू देतो. लिथियमला हा त्रास कमी आणि वजनालाही ती हलकी, पण शून्य डिग्रीच्या खाली ती चार्ज करायची नसते आणि बिघडली तर वर येऊन दुरुस्त करणारा मला सापडला नाही. ट्युब्युलर, म्हणजे आमची ही लेड-ॲसिड बॅटरी, मात्र पाणी भरलेली पन्नास-साठ किलोची वस्तू, गाडीरस्ता संपल्यावर चौघांनी बांबूला बांधून आलटून पालटून वर आणली, आडवी न करता, कारण आत ॲसिड.

पाणी फक्त डिस्टिल्डच. झऱ्याचं पाणी कितीही गोड असलं तरी त्यात क्षार असतात, बॅटरीला नाही चालत. चार्जिंग पूर्ण झाल्यावर भरायचं, फ्लोट (पाण्याची पातळी दाखवणारी झाकणावरची दांडी) हिरव्या खुणेपाशी आला की थांबायचं. आमच्याकडे धुक्याच्या दिवसांत टर्मिनलवर निळसर पांढरी भुकटी धरते, बोटाने खरवडू नका, त्यात ॲसिड असतं. मी इन्व्हर्टर बंद करून प्लग काढतो, हातमोजे घालून आधी निगेटिव्ह वायर काढतो, झाकणं घट्ट आहेत ना बघून कोमट पाण्याच्या फडक्याने पुसतो, सुकवतो आणि वायर परत आवळून वरून व्हॅसलीन लावतो. थंडी वाजते म्हणून खिडक्या बंद करून बॅटरी झोपायच्या खोलीत किंवा चुलीजवळ ठेवू नका, चार्जिंगला हायड्रोजन निघतो. आमची ओट्यावर आहे, पत्र्याखाली.

विजा चमकायला लागल्या की थ्रीपिन प्लग सरळ काढून ठेवतो, अर्थिंग केलेलं असलं तरी. वीज लांब पडली तरी झटका तारेतून येतो.

एक गोष्ट मात्र इन्व्हर्टरच्या हातात नाही, लाईट फार वेळ गेली की टॉवरची बॅटरीही संपते आणि मोबाईल फुल चार्ज असून रेंज नसते. तेव्हा निरोप द्यायला पायीच जावं लागतं.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो त्या मागच्या स्विचसाठी, त्याबद्दल पुस्तिकेत अगदी बारीक अक्षरात एकच ओळ आहे. आजींच्या घरी मागच्या महिन्यात हाच सेट बसवलाय, स्विच मीच वाईडवर टाकून आलो.