भावनिक खाण्यासाठीची छापील नोंदवही: वापरण्याजोगी, पण एक सूचना राहिलीच

भावनिक खाणं, म्हणजे भूक नसताना ताणापोटी किंवा कंटाळ्यापोटी खाणं, टिपायच्या या वहीत कॅलरीचा रकाना नाही, हे फार बरं केलंय. आकडे मोजायला लागलं की बरेचदा दिवसा पोट मारलं जातं आणि रात्री डबे उघडले जातात. इथे भुकेची 1 (कडकडून भूक) ते 10 (पोट तुडुंब) अशी पट्टी आहे: 3-4 वर जेवायला बसा, 6-7 वर थांबा. शेजारी ‘आत्ता मनात काय चाललंय?’ हा रकाना. तो खाण्याआधीच भरायचा असतो, हे मात्र कुठेच छापलेलं नाही! नंतर भरला की नुसता पश्चात्ताप उतरतो. जागाही जेमतेम, ‘कंटाळा’ मावतो, ‘साहेब सगळ्यांसमोर बोलले’ मावत नाही. ताबा सुटून खाणं किंवा मुद्दाम उलटी काढणं वारंवार होत असेल, तर वहीवर विसंबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.