टांझानियात व्हॉलंटियर: पीस कोर की यूएनव्ही?

भाची अमेरिकेत वाढलेली, भाचा पुण्यातला, दोघांनाही टांझानियात व्हॉलंटियर म्हणून जायचंय, म्हणून बसून दोन्हीकडचं वाचून काढलं. पीस कोर ही अमेरिकन सरकारची व्हॉलंटियर संस्था, ती फक्त अमेरिकन नागरिकांना घेते, त्यामुळे भाच्याचा विषयच संपला, त्याच्यासाठी युनोचं यूएनव्ही, म्हणजे युनायटेड नेशन्स व्हॉलंटियर्स.

खरा फरक ट्रेनिंगमध्ये आहे. पीस कोरचे एकूण 27 महिने, त्यातले पहिले साधारण तीन तिथल्याच कुटुंबात राहून काढायचे. दिवसा तिथल्या स्वाहिली भाषेचा क्लास आणि संध्याकाळी घरातल्या काकूंबरोबर कोळशाच्या शेगडीवर मक्याच्या पिठाची उगाली घोटायची, आपल्या उकडीसारखीच पण इतकी घट्ट की दंड भरून येतात. मोठ्यांना नमस्कार म्हणून 'शिकामो' म्हणायचं, ते उत्तराला 'मराहाबा' म्हणतात, 'शिकामो' म्हटलं नाहीत तर उद्धट ठरता. बाकी गाडीला 'गारी', दुकानाला 'दुका' आणि चपातीला चपातीच, म्हणजे मराठी माणसाला निम्मी सुट्टी!

यूएनव्हीत तुम्हाला काम येतं असंच धरतात, 'इंटरनॅशनल स्पेशलिस्ट' या त्यांच्या प्रकारात जायला वय किमान 27 लागतं, सेफ्टीचा कोर्स ऑनलाइन उरकायचा, असं लाडाकोडाचं तीन महिन्यांचं ट्रेनिंग वगैरे काही नाही.

प्रवासात मात्र पीस कोर कडक. मोटारसायकलवर बसायचंच नाही, पकडलं तर घरी रवानगी. मग उरते दलादला, म्हणजे आपली वडाप, भरल्याशिवाय हलणार नाही, आणि उतरायचं असेल तर 'शुशा!' म्हणून ओरडायचं. भाची आत्तापासून घरभर ओरडत फिरतेय.