कंपनीचं स्वतःचं स्टोअर: काही महिन्यांच्या वापरानंतर

कंपन्यांच्या स्टोअरबद्दलचे बहुतेक अनुभव खरेदीच्या दिवशीच लिहिलेले असतात. नवी वस्तू हातात असते, सगळंच छान वाटतं. मी लॅपटॉप आणि फोन अशाच एका स्टोअरमधून घेतले, त्याला आता बरेच महिने झाले. मधल्या काळात जुना डेटा नव्या लॅपटॉपवर नेणं, जुना फोन एक्सचेंजला देणं, मोफत शिकवणीचं एक सेशन आणि एक दुरुस्ती, एवढ्यासाठी तिथे जाणं झालं. त्यावरून माझं मत पक्कं झालंय: स्टोअरची खरी परीक्षा विक्रीच्या टेबलावर नाही, दुरुस्तीच्या टेबलावर होते. पुढे ही स्टोअर्स टिकली तर त्याच टेबलामुळे टिकतील.

खरेदीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. दोन स्क्रीन शेजारी ठेवून बघता आल्या, कीबोर्डवर मनसोक्त टाइप करून पाहिलं, बिल तिथल्या तिथे मोबाइलवर आलं. एक्सचेंजची किंमत वेबसाइटवर दाखवली होती त्यापेक्षा कमी मिळाली, पण कुठल्या ओरखड्यामुळे ते नीट दाखवलं. शिकवणीच्या सेशनमध्ये मात्र शिकवणं कमी आणि नव्या मॉडेलची ओळख जास्त होती.

दुरुस्ती लॅपटॉपची होती. एक की दाबली की अक्षर दोनदा उमटायचं. ॲपवरून अपॉइंटमेंट घेतली. टेबलापलीकडच्या मुलाने आधी मलाच एक परिच्छेद टाइप करायला लावला आणि बोटांकडे बघत राहिला. मग डायग्नोस्टिक चालवलं, बॅटरीची चार्ज सायकल, म्हणजे ती किती वेळा पूर्ण चार्ज झाली, ते पाहिलं, तळाचं कव्हर उघडून आत पाणी गेल्याची खूण आहे का ते टॉर्चने तपासलं. बॅकअप घेतलाय का, हे त्याने जॉब शीटवर (दुरुस्तीच्या नोंदपत्रकावर) सही घेण्याआधी विचारलं, नंतर नाही. ही एवढीशी गोष्ट मला फार मोलाची वाटली. या मॉडेलमध्ये कीबोर्ड वरच्या कव्हरला रिव्हेटने कायमचा जोडलेला आहे, त्यामुळे एका कीसाठी सबंध वरचा भाग बदलावा लागतो, हेही त्याने स्पष्ट सांगितलं.

इथपर्यंत उत्तम. पण तो भाग स्टॉकमध्ये नव्हता आणि स्टोअरमध्ये बदलण्याची सोयही नव्हती. लॅपटॉप मध्यवर्ती वर्कशॉपला गेला. मग रोज ‘काम सुरू आहे’ हा एकच मेसेज. चौकशीला गेले तर समोर दुसरीच व्यक्ती. पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगा. जॉब शीट त्यांच्याच स्क्रीनवर होती, पण त्या मुलाने टेबलावर जे पाहिलं होतं ते तिच्यात कुठेच नोंदलेलं नव्हतं. माझी खरी तक्रार हीच आहे. सुंदर लाकडी टेबल, मोठाल्या काचा, आणि मागे काम फक्त सामान घेण्या-देण्याचं.

या धंद्याचा इतिहासही हेच सांगतो. गेटवे या कॉम्प्युटर कंपनीची स्टोअर्स होती. तिथे कॉम्प्युटर बघायचा, ऑर्डर द्यायची आणि तो नंतर घरी यायचा. २००४ मध्ये ती सगळी बंद झाली. ॲपलने २००१ मध्ये पहिली दोन स्टोअर्स उघडली तेव्हा स्टोअर्सचे प्रमुख रॉन जॉन्सन यांनी हॉटेलातल्या मदत-कक्षावरून स्फूर्ती घेऊन ‘जीनियस बार’, म्हणजे मदतीचं आणि दुरुस्तीचं टेबल, आणला. विकणारा आणि दुरुस्तीबद्दल बोलणारा एकाच छपराखाली आले, आणि लोक खरेदी नसतानाही तिथे जाऊ लागले. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये स्टोअर्स सुरू केली आणि जून २०२० मध्ये जवळपास सगळी कायमची बंद करत असल्याचं जाहीर केलं. लंडन, न्यूयॉर्क, सिडनी आणि रेडमंड या चार जागा अनुभव केंद्र म्हणून ठेवायचं ठरलं. वस्तू विकायला वेबसाइट पुरते. नादुरुस्त वस्तू घेऊन मात्र माणूस वेबसाइटवर जाऊ शकत नाही.

आता नियमही त्याच दिशेने चाललेत. युरोपियन युनियनमध्ये २० जून २०२५ पासून विक्रीला येणाऱ्या फोन आणि टॅबलेटच्या लेबलवर दुरुस्ती किती सोपी आहे याची श्रेणी छापावी लागते, आणि मॉडेलची विक्री थांबल्यावरही महत्त्वाचे सुटे भाग ७ वर्षं पुरवावे लागतात. ते भाग स्टोअरच्या मागच्या खोलीत असले आणि बदलणारा हातही तिथेच असला, तर ग्राहकाला आणखी काय हवं? साध्या शंकांची उत्तरं चॅटबॉटने खुशाल द्यावीत. पण दोनदा उमटणारं अक्षर बघायला डोळे लागतात, आणि त्या मुलासारखं शांतपणे बघणारी माणसं कंपन्यांनी जपायला हवीत. शिवाय अपॉइंटमेंट फक्त ॲपवरून घ्यायची सक्ती नको. ज्याचा फोनच बंद पडलाय त्याने ॲप उघडायचं कशावर?

लॅपटॉप परत मिळाला तेव्हा योगायोगाने तोच मुलगा होता. त्याने मला पुन्हा तोच परिच्छेद टाइप करायला लावला आणि मगच जॉब बंद केला. तेव्हापासून कीबोर्ड व्यवस्थित आहे.

मी पुढची खरेदीही स्टोअरमधूनच करेन, पण आधी विचारून: या मॉडेलची बॅटरी, स्क्रीन आणि कीबोर्ड इथेच बदलता की बाहेर पाठवता? तुम्हीही बिल करण्याआधी विचारा. आणि दुरुस्तीला देताना तुमची तक्रार तुमच्याच शब्दांत जॉब शीटवर लिहून घ्या, तिचा फोटो काढून ठेवा.