बाप माहीत नसलेली खापरपणजी: स्कॉटलंडच्या जुन्या दप्तरांत पैसे कुठे घालावेत, कुठे नाही

माझ्या सासूबाईंची खापरपणजी बॅन्फशायरमध्ये शेतावर मोलकरीण होती, आणि तिचा बाप कोण ते कुणालाच माहीत नव्हतं. घरात एवढंच शिल्लक होतं. जमीन नाही, मृत्युपत्र नाही, थडग्यावर साधा दगडसुद्धा नाही. एडिनबरात राहते म्हणून हे काम सुनेच्या गळ्यात पडलं. तुमच्याही घरात असा एखादा स्कॉटिश धागा असेल आणि सुरुवात कुठून करायची ते ठरत नसेल, तर मी गेले त्याच्या बरोबर उलट क्रमाने जा.

मी गेले ती सगळे जातात तिथेच: चर्च ऑफ स्कॉटलंडच्या जुन्या पॅरिश वह्यांकडे. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा गावाचा विभाग. इथे त्यांना ओपीआर म्हणतात. सर्वांत जुनी वही पर्थशायरमधल्या एरलची, १५५३ ची. १ जानेवारी १८५५ ला सरकारी नोंदणी सुरू झाली आणि या वह्या संपल्या. मधली तीनशे वर्षं सलग भरलेली असतील असं मी गृहीत धरलं होतं. हायलँड्समधल्या आणि बेटांवरच्या कित्येक पॅरिशच्या वह्याच मुळी उशिरा सुरू होतात. १७८३ मध्ये प्रत्येक नोंदीवर तीन पेनी कर बसला. तो १७९४ मध्ये उठेपर्यंत अनेकांनी नोंदच टाळली. १७३३ आणि १८४३ मध्ये चर्चमधून गट फुटून बाहेर पडले, त्यांची मुलं या वह्यांत सापडतीलच असं नाही. लग्नाच्या रकान्यात बरेचदा फक्त लग्नाची जाहीर घोषणा असते. लग्न झालं की नाही ते वेगळंच. दफनाच्या नोंदी तर सर्वांत दुबळ्या. कुठेकुठे फक्त प्रेतावर घालायच्या चादरीचं भाडं लिहिलेलं असतं, आणि मृत्यूचा तेवढाच पुरावा.

तरीही या वह्यांची एक गोष्ट मला फार आवडते. बाप्तिस्म्याच्या नोंदीत सहसा आईचं माहेरचं आडनाव असतं, कारण स्कॉटिश बाई लग्नानंतरही कागदोपत्री ते आडनाव सोडत नसे. आपल्याकडे लग्नात बाईचं पहिलं नावसुद्धा बदललं जायचं, त्या मानाने ही चैनच. पहिल्या मुलाला बापाच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, पहिल्या मुलीला आईच्या आईचं, अशी रीतही होती. आजोबांचं नाव नातवाला ठेवणं आपल्याला नवं नाही, पण तेवढ्यावर वंशावळ रचू नका. याच रीतीमुळे एका पॅरिशमध्ये एकाच दशकात एकाच नावाच्या तीन-तीन चुलत बहिणी निघतात.

या वह्या पाहायच्या दोन जागा. स्कॉटलंड्सपीपल ही सरकारी साइट: शोध फुकट, मूळ पानाच्या प्रतीला सहा क्रेडिट, म्हणजे साधारण दीड पौंड. फॅमिलीसर्च या वंशावळींच्या साइटवर सूची पूर्ण फुकट, आणि तिथे नुसती आईबापांची नावं घालून सगळी भावंडं गोळा करता येतात. पण ती सूचीच. शेताचं नाव, साक्षीदार, बापाचा धंदा हे सगळं मूळ पानावर राहतं. लोकांनी तिथे चढवलेल्या वंशावळी ऐकीव गोष्टींइतक्याच भरवशाच्या समजा. मी उत्साहाच्या भरात एकाच नावाच्या अकरा मुलींची पानं विकत घेतली. आधी फॅमिलीसर्चवर भावंडं जुळवली असती तर दोन पुरली असती.

मुळात तेही नंतरचं. पहिले दीड पौंड मृत्यूच्या दाखल्यावर घाला. माणूस १८५५ नंतर गेला असेल तर स्कॉटिश दाखल्यात आईबाप दोघांची नावं विचारलेली असतात, आईच्या माहेरच्या आडनावासकट. म्हणजे १८५८ मध्ये वारलेल्या म्हातारीच्या दाखल्यावर अठराव्या शतकात जन्मलेले आईबाप भेटू शकतात. खुद्द १८५५ मध्ये कुणी गेलं असेल तर लॉटरीच: त्या एका वर्षाच्या दाखल्यात जन्मस्थळ, जोडीदार, सगळी मुलं असा तपशील मागितला होता. लिहिणारे दमले असावेत, पुढच्या वर्षी रकाने कमी झाले. माहिती देणारा जावई होता की शेजारी, ते मात्र बघून घ्या. जावयाला सासूच्या आईचं आडनाव कितपत ठाऊक असणार!

आमच्या दाखल्यात बापाच्या रकान्यात काहीच नव्हतं. आईचं नाव मिळालं, आणि जन्माची पॅरिश कळल्यावर खरं घबाड हाती लागलं: कर्क सेशनची इतिवृत्तं.

कर्क म्हणजे चर्च, आणि सेशन म्हणजे पाळक आणि वडीलजनांची गावातली बैठक. लग्नाआधी दिवस गेले, रविवारी काम केलं, दारू पिऊन भांडण झालं, की बोलावणं. ओपीआरमध्ये ज्या बाईची एक ओळ, तिची इथे तीन पानं असू शकतात, कारण चर्चला बापाचं नाव हवं असायचं; नाहीतर मूल गावाच्या धर्मादाय पेटीवर येणार. त्याच पेटीतून कुणाला जोडे दिले, कुणाच्या शवपेटीचे पैसे भरले, हेही लिहिलेलं असतं. शेतमजूर मे आणि नोव्हेंबरच्या मुदतीला मालक बदलत, त्याबरोबर पॅरिशही. नव्या गावात चांगल्या वर्तणुकीचं पत्र द्यावं लागे, त्याच्याही नोंदी सापडतात. बेपत्ता झालेली मोलकरीण पुढे कुठे गेली, ते अशा पत्रावरून कळू शकतं.

ही इतिवृत्तं २०२१ पासून स्कॉटलंड्सपीपलवर आली आहेत आणि लॉगिन करून पाहणं फुकट आहे. अडचण एकच, पण मोठी: नावांची सूची नाही. पान-पान वाचावं लागतं. मूल जन्मण्याआधीच्या आणि नंतरच्या वर्षाची बैठक काढायची आणि बसायचं. मला नऊ रात्री लागल्या. सापडलं ते असं, की खापरपणजीच्या आईने शेजारच्या शेतावरच्या नांगरगड्याचं नाव घेतलं, तो दोनदा नाही म्हणाला, तिसऱ्यांदा कबूल झाला.

म्हणून पॅरिश आणि साधारण वर्ष हातात असेल तर ओपीआरपेक्षा सेशन. पॅरिशच माहीत नसेल तर सेशनचा काही उपयोग नाही. मग १८४१ पासूनच्या जनगणना बघा, आणि माणूस १८४५ नंतर गरिबीत सापडला असेल तर गरीब-साहाय्याचे अर्ज. ग्लासगोचे अर्ज मिचेल लायब्ररीत आहेत. खर्च कुठल्या पॅरिशने करायचा हे ठरवायला ते लोक अर्जदाराचा जन्म, आधीचे पत्ते, नातेवाईक सगळं उकरून काढत.

धागा मुंबईकडून उलटा येत असेल, म्हणजे पूर्वज कंपनीच्या मुंबई फौजेत होता किंवा त्याचं लग्न १८१९ मध्ये बांधलेल्या सेंट अँड्र्यूज कर्कमध्ये लागलं, तर आधी स्कॉटलंड नको, लंडन. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदींच्या प्रती ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांचा माग काढणाऱ्या फिबिस या संस्थेची शोधसूची फुकट आहे. सैनिकांच्या भरतीच्या कागदांत बरेचदा जन्मगाव सापडतं. ते मिळालं की मग एडिनबरा.

राहिला पगारी संशोधक. तो तासावर पैसे घेतो, त्यामुळे घरबसल्या होणाऱ्या कामासाठी त्याला लावू नका. सतराव्या शतकातलं अक्षर लागत नसेल, किंवा कागद नेटवर नसतील, तेव्हा तो परवडतो. जमीनदारांच्या खंडाच्या वह्या आणि शेरीफ कोर्टातले पोटगीचे दावे यांच्यासाठी अजून बरेचदा एडिनबराच्या अभिलेखागारात बसावं लागतं. आमच्या नांगरगड्याने सेशनपुढे कबुली दिली, पण पैसे दिले की नाही ते इतिवृत्तात नाही. कोर्टाचे कागद मी स्वतः मागवून पाहिले आणि दुसऱ्याच पानावर हात टेकले. त्यासाठी मात्र मी तीन तासांचे पैसे भरले आहेत.