थ्री-नॉट-थ्रीचा चाप बिघडला तेव्हा: पिट्सबर्गजवळच्या एका दुरुस्ती दुकानाचा अनुभव

माझ्याकडे १९४३ सालची ली-एनफिल्ड आहे, नंबर १ मार्क ३ स्टार. दस्त्याच्या तोंडाशी लोखंडावर मुकुट, त्याखाली जी. आर. आय. आणि ईशापूर ही अक्षरं. कोलकात्याजवळच्या रायफल फॅक्टरीचा हा माल. बाबा सातारा पोलीस मुख्यालयात होते, त्यांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं हीच थ्री-नॉट-थ्री होती. भारतात ही बोअर, म्हणजे नळीचं हे माप, निषिद्ध आहे, साध्या परवान्यावर मिळत नाही. इकडे पेनसिल्व्हेनियात आल्यावर मी ती रीतसर घेतली, आणि तिच्यावर माझा फार जीव आहे.

जानेवारीत तिच्या चापाची चाल बदलली. या रायफलीचा चाप दोन टप्प्यांचा असतो. बाबा त्याला पहिला दाब आणि दुसरा दाब म्हणतात. पहिल्या दाबात बोट सहज मागे येतं, मग एक भिंत लागते, ती ओलांडली की गोळी सुटते. माझा पहिला दाब गायबच झाला होता. बोट ठेवलं की थेट भिंत. आणि एका संध्याकाळी, रिकामी रायफल तपासताना बोल्ट (हाताने मागेपुढे करायचा खिळा) जरा जोरात लावला, तर चापाला हात न लावता कॉकिंग पीस, म्हणजे बोल्टच्या मागचा फायरिंग पिनला जोडलेला तुकडा, खटकन पुढे गेला. रायफलीत काडतूस असतं तर काय झालं असतं, या विचाराने रात्रभर झोप लागली नाही. त्या दिवसापासून ती कपाटात बंद.

आधी ज्या मोठ्या दुकानात नेली तिथल्या मुलाने दोनदा चाप ओढून पाहिला आणि म्हणाला, सीअर झिजलाय, दगडावर घासून देतो. सीअर म्हणजे कॉकिंग पीसला अडवून धरणारा खटका. काहीही न उघडता त्याचं निदान झालं होतं. मी रायफल उचलली आणि परत आलो.

मग नेमबाजी क्लबातल्या एकाने बंदुका दुरुस्त करणाऱ्या या आजोबांचा पत्ता दिला. शहरापासून तासाभरावर, घराच्या मागे शेड, आत एक लांब बाक आणि भिंतीवर स्क्रूड्रायव्हरच्या ओळी. त्यांनी रायफल हातात घेतल्यावर पहिला प्रश्न विचारला, "दस्ता धरून ठेवणारा बोल्ट कोणी फिरवलाय का?" या मॉडेलमध्ये दस्त्याच्या लांब बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडाच्या मागच्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड न काढता हा बोल्ट फिरवला की ते लाकूड मागून फाटतं. माझं फाटलेलं नव्हतं. मग दुसरा प्रश्न, "कुठला स्क्रू आवळलास?" मी आठवून सांगितलं. हिवाळ्यात घरात हीटर चालू, लाकूड सुकलं, चापाच्या गार्डचा, म्हणजे चापाभोवतीच्या लोखंडी कड्याचा, पुढचा स्क्रू सैल लागला, म्हणून मी तो घट्ट केला होता. त्यांनी नुसती मान हलवली.

पुढचा अर्धा तास मी बाजूला उभा राहून पाहिला, आणि खरं सांगायचं तर दिलेले पैसे तिथेच वसूल झाले. त्यांनी सीअरच्या टोकाला निळी शाई लावली, रिकामा बोल्ट दहा वेळा चालवला आणि भिंग माझ्या हातात दिलं. शाई फक्त वरच्या कडेला केसाएवढ्या पट्टीत पुसली होती. म्हणजे खटका जेमतेम अडकत होता. मग गार्ड आणि लाकूड यांच्यामध्ये पितळेचा पातळ पत्रा सरकवला, स्क्रू बसवला, पुन्हा शाई, पुन्हा दहा वेळा. या वेळी पट्टी चांगली रुंद पुसली गेली आणि चापाला हात लावल्याबरोबर तो हरवलेला पहिला दाब बोटाला जाणवला.

कारण असं निघालं. नंबर १ मध्ये चाप गार्डला टांगलेला असतो, तर सीअर बॉडीला, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या लोखंडी सांगाड्याला. मध्ये लाकूड. गार्डच्या पुढच्या स्क्रूभोवती एक छोटी पोलादी नळी असायला हवी, कॉलर. स्क्रू कितीही आवळला तरी गार्ड त्या नळीवर टेकून थांबतो, लाकूड चेपत नाही. माझ्या रायफलीत ती नळीच नव्हती, आधीच्या कुणीतरी हरवलेली. मी स्क्रू पिळला, लाकूड चेपलं, गार्ड वर सरकला आणि चापाचे उंचवटे सीअरला आधीच दाबून बसले. सैन्यालाही हा ताप माहीत होता. पुढे नंबर ४ मार्क २ या नंतरच्या मॉडेलमध्ये चाप थेट बॉडीला लावला, तो याचसाठी. आणि त्या मुलाने सीअर घासला असता तर? कडक केलेला वरचा थर गेला असता आणि मूळ दोष जागच्या जागी राहिला असता.

आजोबांनी नवी कॉलर बसवली, चेपलेल्या जागी लाकडाची चकती चिकटवून बेतली आणि सीअरच्या फटीत साचून घट्ट झालेलं जुनं ग्रीस साफ केलं. सीअरला दगड लावला नाही. परत देताना माझ्यासमोर काट्यावर मोजलं: पहिला टप्पा साडेतीन पौंड, दुसरा साडेपाच. जुन्या लष्करी मापात पहिला ३ ते ४ आणि दुसरा ५ ते ६ असा आकडा आहे. मग रायफल रिकामी असल्याचं पुन्हा पाहून, कॉक करून दस्ता रबराच्या पायपोसावर आपटला, बोल्ट जोरात लावला, सेफ्टी लावून चाप ओढला, प्रत्येक गोष्ट पाच-पाच वेळा. कॉकिंग पीस जागचा हलला नाही.

खर्च ९० डॉलर, सगळं धरून. तक्रारी दोन आहेत. दहा दिवस सांगून साडेतीन आठवडे लावले आणि त्या काळात फोन एकदाही उचलला नाही. शिवाय काय केलं ते लिहून देत नाहीत. मी आग्रह केला तेव्हा पावतीच्या मागे चार ओळी मिळाल्या. जुन्या रायफलीच्या पुढच्या मालकाला तो कागद लागतो, तेव्हा तुम्हीही मागून घ्या. कार्ड चालत नाही.

जाणार असाल तर शनिवारी सकाळी जा. बोल्ट सोबत न्याच, कारण कॉकिंग पीस बोल्टवर असतो आणि तो नसेल तर खटक्याचं काही कळत नाही. कुठला स्क्रू कधी फिरवला ते आठवून जा.

त्या रात्री बाबांना व्हिडिओ कॉल केला. रिकामी रायफल कॅमेऱ्यासमोर धरून बोल्ट लावला, चाप हळूहळू मागे घेतला. "पहिला दाब आला का रे?" त्यांनी विचारलं. आला म्हणालो. "आमच्याकडे पावसाळ्यात चाप असाच बदलायचा. आर्मोरर, आमचा हत्यारं दुरुस्त करणारा, सगळ्यात आधी लाकूड बघायचा," असं म्हणून त्यांनी मला बोल्ट पुन्हा एकदा लावायला सांगितला.